देवदारांच्या डोंगरावरची वरात

फार पूर्वी, झाडं मोकळेपणी बोलत असत तेव्हा, एका उंच डोंगरावर देवदारांचं दाट रान होतं. त्यांच्या सालीखाली साल पोखरणारे भुंगेरे राहत. दर हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडे, बहुतेक भुंगेरे गारठून मरत आणि उरलेले एखाद्या आजारी झाडावर भागवत.

एका वर्षी थंडी आलीच नाही. पुढच्या वर्षीही नाही. भुंगेऱ्यांचा म्होरक्या फुंद्या सालीबाहेर येऊन गरागरा नाचला.

"अरे, ऐन माघात कसली ऊब ही! उडवा लग्नांचे बार!"

मग काय, वर्षाला एक पिढी व्हायची तिथे तीन झाल्या. सुतारपक्षी खाऊन खाऊन आडवा झाला आणि "आता पुरे, पोट फुटेल!" म्हणून ओरडला, तरी भुंगेरे वाढतच होते.

"बाबांनो, जरा दमानं," थोरला देवदार म्हणाला. "बर्फ नाही, म्हणून मुळांना पाणी नाही. तुम्हाला अडवायला अंगात चीकसुद्धा उरला नाही."

"चीक नाही? मग तर मेजवानीच!" फुंद्या खिदळला, आणि सगळे थोरल्या देवदारावर तुटून पडले.

ज्येष्ठापर्यंत पानं सुकून अख्खा डोंगर तांबूस पडला. त्यातच फुंद्याच्या लेकीचं, पिंगीचं लग्न लागलं. लाखभर वऱ्हाडी गात, गिरक्या घेत नवरानवरीसाठी घर शोधायला निघाले. पहिलं झाड वाळलेलं निघालं. दुसरंही. शंभरावंही. गाणं हळूहळू थांबलं.

"बाबा, आपण उतरायचं कुठे?" पिंगीनं विचारलं.

फुंद्या लेकीला घेऊन नुसता उडत राहिला, आणि मागून येणारी वरात एकेक करून गळून पडत होती.