तीन चुकांचा बंधारा

एका राज्यात फार जाणती माणसे राहत होती, आणि त्यांच्या हातून काहीच होत नव्हते. बंधाऱ्याची भेग कशी बुजवावी, मोडलेला पाय कसा बांधावा, सारे त्यांना मुखोद्गत होते. दर संध्याकाळी चावडीवर पिकल्या केसांची मंडळी पोथी म्हणत. पण कामाला हात घातला की बोटे लाकडासारखी ताठ होत.

हा शाप औघड मांत्रिकाचा. त्या राज्याची रीत अशी, की चारचौघांत ज्याचे काम चुकेल त्याची पगडी उतरवावी. औघडाच्या एका प्रौढ शिष्याची पगडी उतरली, आणि त्याने विहीर जवळ केली. औघड म्हणाला, "चुकायला एवढे भिता, तर तुमची विद्या जिभेवरच राहो."

सात वर्षे गेली. राजा वज्रकेतूची भाची चारुलेखा दूरदेशी शिकून परतली. तिने मोठ्या उमेदीने पाच नव्या पोथ्या शिकवल्या. लोकांनी त्या महिनाभरात पाठ केल्या. बोटे ताठच राहिली.

तेव्हा तिने नदीकाठच्या टिटवीला उपाय विचारला. टिटवी म्हणाली, "पिकल्या केसांच्या माणसाने पोथी न म्हणता, सर्वांदेखत तीनदा चुकावे. का चुकले ते त्यानेच ओळखावे. दुसऱ्याने सांगितले तर शाप सुटणार नाही."

चावडीवर कोणी उठेना. एक म्हातारा म्हणाला, "बाई, आमच्या पगड्या तुझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत."

आठ दिवसांनी भर दुपारी बंधाऱ्याला भेग पडली. खाली सखलवाडी होती, आणि तिथे कोंडाजी गवंड्याची लेक सगुणा नांदत होती. कोंडाजीने आपल्याच हाताने पिकल्या केसांवरची पगडी उतरवली आणि मुकाट्याने तो भेगेत उतरला. सात वर्षांत प्रथमच त्याची बोटे वाकली.

त्याने माती टाकली. पाण्याने ती नेली. काठावर हशा पिकला.

"का गेली?" चारुलेखेने विचारले.

"कोरडी होती. भिजवून तुडवावी म्हणतात, ते यासाठी."

त्याने तुडवलेली माती लिंपून वर दगड रचले. तेही घसरले. आता कोणी हसले नाही. दगड पायथ्यापासून यायला हवे होते, हे त्याने स्वतःच सांगितले.

तिसऱ्या वेळी त्याने पायथ्यापासून रचले, पण तुंबल्या पाण्याला वाट ठेवली नाही. चारुलेखेला ते दिसत होते. तिने ओठ दाताखाली धरले.

बंधाऱ्याची कूस फुटली. सखलवाडीची खालची आळी वाहून गेली.

"वाट ठेवायची राहिली," कोंडाजी म्हणाला, आणि शाप सुटला. शेकडो हात सैल झाले. लोक धावत उतरले आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी बंधारा बांधला, पाण्याला वाट ठेवून. उरलेली वाडी वाचली. सगुणेचे घर खालच्या आळीत होते.

राजाने पगडीची रीत मोडली. चारुलेखा कोंडाजीपाशी जाऊन उभी राहिली.

"तुला ठाऊक होते?" त्याने विचारले.

"होते, बाबा."

तो पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "यापुढे शिकवशील तेव्हा लहान बांधावर शिकव. जिथे खाली कोणी राहत नाही."

चावडीपुढे आता गुडघ्याएवढा बांध आहे. संध्याकाळी पिकल्या केसांची माणसे तो बांधतात, तो फुटतो, आणि का फुटला ते एकमेकांना विचारतात. पहिले फावडे कोंडाजी मारतो.