ओलं लुगडं

“...पण बाबा, हे पाणी जातं तरी कुठं?”

विश्वंभरनं दोरीवरचा पंचा चाचपून पाहिला. मघाशीच भिजवून टाकलेला, आता खडखडीत वाळला होता.

पौषातली सकाळ होती. डोंगरावरचा बोचरा वारा मठात शिरू नये म्हणून दारं लावलेली, आत शेगडी पेटलेली. त्या धगीनं खोलीतली हवा पार सुकून जायची. म्हाताऱ्या सोमपुरीबाबांचे ओठ फुटायचे, घसा सोलवटायचा, खोकल्याची ढास लागली की थांबायची नाही. म्हणून शेगडीवर पाण्याचं पातेलं आणि दोरीवर ओलं कापड... हिवाळा लागल्यापासून हे काम विश्वंभरकडे होतं.

त्याला ते कमीपणाचं वाटे. तो इथं मन जिंकायला आला होता.

“हवेला तहान आहे, ती पिते,” बाबा म्हणाले. “पुन्हा भिजव.”

विश्वंभर हलला नाही.

“बाबा, काल मामा आले होते. आई गेली, ते सांगायला.”

“भेटला मला कडूबा.”

“मी उभ्यानं ऐकून घेतलं. डोळ्यात टिपूस आलं नाही. तसाच पाठाला बसलो. माती मातीला मिळाली... त्यात रडायचं काय?” त्याचा आवाज किंचित चढला. “सगळा मठ कौतुकानं बोलतोय. तुम्हीच काही बोलला नाहीत.”

बाबांना ढास लागली. छाती धरून ते भिंतीला टेकले. बऱ्याच वेळानं म्हणाले,

“कापड... भिजव.”

विश्वंभरनं पंचा रागानं ओढला. जुनाच होता, मधोमध टरकला.

“फाटला.”

“कोपऱ्यात गाठोडं आहे. त्यातलं घे.”

त्यानं गाठ सोडली. आत घडी घातलेलं हिरवं लुगडं होतं, धुऊन धुऊन विटलेलं.

“हे...”

“तुझ्या मामानं ठेवलं. मरताना तुझी आई म्हणाली होती म्हणे, विशूला थंडीत गोधडीला होईल. तुझ्यापुढे काढायचा कडूबाला धीर झाला नाही.”

विश्वंभर लुगडं हातात घेऊन उभा राहिला.

“आईचं लुगडं... भिजवू?”

“कापडच आहे ना?”

त्यानं घंगाळात लुगडं बुडवलं. पाणी आत मुरलं तसा त्यातून वास उठला. चुलीच्या धुराचा, खोबरेलाचा... त्यानं तोंड फिरवलं आणि घाईनं एकेक घडी पाण्याखाली दाबू लागला.

मग त्याचा हात थांबला.

पदराजवळ एक ठिगळ होतं. भगवं. बारीक टाके घालून नीट शिवलेलं.

“बाबा, हा तुकडा... हा तर माझ्या छाटीचा आहे.”

“हो.”

“तिच्याकडे कसा आला?”

“गेल्या साली आली होती. डोंगर चढून, काठी टेकत. दिवसभर तुझ्या दाराशी बसली. उन्हं कलली तेव्हा उठली. म्हणाली, त्याची एखादी फाटकी चिंधी असली तर द्या... मी दिली.”

विश्वंभर ताडकन बाबांकडे वळला.

“दाराशी बसली होती? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“तुझं मौन होतं. दार आतून लावलेलं.”

शेगडीवरचं पातेलं उकळत होतं.

विश्वंभर घंगाळापाशी खाली बसला. त्यानं ते ठिगळ पाण्यातून वर उचललं, डोळ्यांशी धरलं... आणि त्याच्या तोंडून जो आवाज फुटला, तो ऐकून बाहेर अंगण झाडणारा गोसावी झाडू टाकून धावत आला, दार किलकिलं करून डोकावला.

बाबांनी त्याला हातानं परत जायची खूण केली.

“मी दार उघडलं असतं...” विश्वंभर म्हणत होता. “मला माहीत असतं तर... बाबा, मी उघडलं असतं...”



कधीतरी हुंदके मंदावले. बाबा पुन्हा खोकू लागले. विश्वंभर उठला. छाटीच्या टोकानं नाक पुसलं, लुगडं घंगाळातून वर काढलं. पाणी धारांनी ओघळत होतं, जमीन भिजत होती. त्यानं सवयीनं दोन्ही हातांनी लुगड्याला पीळ घातला.

“पिळू नकोस,” बाबा म्हणाले. “...तसंच टाक दोरीवर.”