कोरड्या विहिरीतले हिरे

कोरड्या विहिरीत टोपलीभर खडे ओतले की आधी काहीच ऐकू येत नाही. मग सुपात जोंधळा पडावा तसा आवाज तळातून वर येतो. शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो आवाज मी फार पूर्वी ऐकला आहे."

हे ते श्रावस्तीजवळच्या विहारात सुप्रभ नावाच्या एका गृहस्थाला म्हणाले. सुप्रभाने आपल्या मुलाचे ठरलेले लग्न मोडले होते, कारण मुलीकडच्यांना हिरा देणे जमत नव्हते. मुलीने अन्न सोडले होते. सुप्रभ म्हणाला, "भगवन्, माझा काय दोष? रीत काही मी पाडलेली नाही." तेव्हा शास्त्यांनी ही गोष्ट सांगितली.

पूर्वी वेणा नदीच्या काठी, वेणातट नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिऱ्यांच्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव सुनेत्र. वडील वारल्यावर ते तरुणपणीच व्यापाऱ्यांच्या मंडळात बसू लागले.

तिथली माणसे नदीकाठची माती खणून वर आणत, धूत, खळ्यावर वाळवत, बडवत आणि सुपाने पाखडत. ऊन चढले की उरलेल्या खड्यांत हिरे चमकत. ते इतके निघत की सगळे बाजारात नेले असते तर कुणी वळून पाहिले नसते. म्हणून मंडळाचा प्रमुख धनंतप याने फार आधीच एक युक्ती काढली होती. मोजके हिरे पेठेत जात. बाकीचे सुनेत्राच्या घराण्याच्या जमिनीवरल्या कोरड्या विहिरीत ओतले जात, आणि तिथे पहारा असे. चांगल्या खाणी तर बुजवूनच टाकत. मग धनंतपाने गावोगावी भाट पाठवले. हिऱ्यावाचून लागलेले लग्न टिकत नाही, असे ते गात फिरले. एक पिढी गेली. भाट मेले. लोक म्हणू लागले, ही आपल्या वाडवडिलांची रीत.

आणि खाणीवरची माणसेही तेच म्हणत. ज्यांच्या डोक्यावरून टोपल्या विहिरीपर्यंत जात, त्यांच्याही घरी हिऱ्यावाचून लग्न लागेना.

अशा माणसांत गोधिक नावाचा एक खणणारा होता. त्याची मुलगी उप्पली खळ्यावर पाखडायला असे. तिचे लग्न त्याच खाणीवरच्या कुंभीलाच्या मुलाशी ठरले होते. एके दिवशी सुनेत्र खळ्यावर आले, तेव्हा दोघा बापांची बोलणी चालली होती.

"व्याही, खडा आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत," कुंभील म्हणाला.

"अरे, काल तू नि मी दिवसभर तेच ओतत होतो ना विहिरीत?"

"विहिरीतला तो दगड. पेठेतून आला म्हणजे हिरा."

"दोन्ही याच खळ्यावरचे."

"हो का? मग तुझ्या थोरल्याच्या लग्नात माझ्या मेहुण्याकडून खडा घेतलास, तेव्हा नाही आठवलं हे खळं? लेकीच्या वेळी बरी अक्कल फुटली!"

लोक हसले. गोधिकही हसला, पण मान खाली घालून. उप्पलीचे सूप तेवढे थांबले.

सुनेत्रांनी आपल्या कमरेच्या थैलीतून एक चांगला हिरा काढला आणि कुंभीलाच्या हातावर ठेवला. "हा उप्पलीसाठी."

कुंभीलाने तो उन्हात धरून पाहिला आणि परत केला. "राग मानू नका, श्रेष्ठी. फुकटचा खडा सुनेच्या बोटात घालून मी चार माणसांत काय सांगू? बापानं तिच्यासाठी काय सोसलं, ते दिसायला नको?"

तेव्हा एक मोठी खाण बुजवायचे काम निघाले होते. बुजवण्याआधी आतले लाकडी टेके काढायचे होते. त्या कामाला दुप्पट मजुरी होती, कारण जायला कुणी तयार नव्हते. गोधिक गेला. शेवटचा टेका निघाला तशी भिंत खाली आली. हिरे दुर्मिळ राहावेत म्हणून जी खाण बुजवत होते, तीत तो एका हिऱ्यासाठी बुजला. संध्याकाळपर्यंत खणून त्याला बाहेर काढले. उप्पली काठावर उभी होती. ती रडली नाही. तिने पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसली.

दुसऱ्या दिवशी सुनेत्र मंडळात म्हणाले, "मी विहीर उघडतो."

धनंतप म्हातारा झाला होता. तो रागावला नाही. "बाळा, तुझं घर त्याच विहिरीवर उभं आहे. भिकेला लागशील."

"लागेन."

"आणि लोकांना काय देशील? आपलं माणूस आपल्याला किती प्रिय आहे, हे दाखवायला माणसाला काहीतरी न मिळणारं लागतं. आपण दगड कुठे विकतो? आपण ते विकतो."

"मग ते न मिळणारं कुणी केलं, तेही त्यांना कळू दे."

सुनेत्रांनी पहारा उठवला. टोपल्या भरभरून हिरे वर आले आणि वेशीबाहेरच्या खळ्यावर पसरले. ते कुठे होते, किती वर्षे होते, कुणी ठेवले, हे त्यांनी सर्वांना सांगितले. भाव कोसळला. सुनेत्रांचे घर गेले, बैल गेले.

लोकांनी त्यांचे आभार मानले नाहीत. एक म्हातारी आली आणि तिने सुरकुतलेले बोट त्यांच्यासमोर धरले. "माझ्या बापानं माझ्या लग्नासाठी परमुलखात ओझी वाहून ही अंगठी आणली. तुम्ही ती खोटी केलीत. तुमचं काय बिघडलं होतं हो?"

सुनेत्रांनी वाकून ती अंगठी पाहिली. मग म्हणाले, "माई, त्यांनी ओझी वाहिली, ते खरंच आहे."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "जगाला दाखवायला हीच होती." आणि तिथेच बसून ती रडू लागली.

कुंभील उप्पलीकडे गेला. "पोरी, आता खडा नको. चल घरी."

"मामा," ती म्हणाली, "माझ्यासाठी आता कुणी काय सोसायचं राहिलंय?" ती गेली नाही. तिचे लग्न झाले नाही.

धनंतप समुद्रकाठी गेला. तिथले शंखांचे किनारे त्याने विकत घेतले आणि कुंपण घालून बंद केले. थोड्याच वर्षांत वेणातटात शंखाच्या बांगडीवाचून लग्न लागेनासे झाले. सुनेत्र दारोदार जाऊन लोकांना हिऱ्यांची गोष्ट सांगत. लोक म्हणत, ती हिऱ्यांची गोष्ट, शंखाचं तसं नाही. मजुरी करून, सांगत सांगतच ते वारले.

गोष्ट संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा धनंतप आजही कुठल्याशा पेढीवर बसतो, त्याचे नाव कशाला? उप्पली भिक्षुणी होऊन इथे पलीकडेच राहते. सुनेत्र मी होतो. आणि कुंभील, गृहस्था, तू होतास. रीत तेव्हाही तू पाडली नव्हतीस."

मग ते भिक्षूंकडे वळून म्हणाले, "ज्या खोट्याने आपले पोट भरते, ते उघडे करणे ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता. लोकांनी ऐकले नाही, तरी ती व्यर्थ जात नाही."

सुप्रभ खाली पाहत बसला होता. तो उठला, त्याने हात जोडले, आणि त्या मुलीच्या घराच्या वाटेने निघून गेला.