दारावरच्या दोघी

सागाच्या रानात एका पोकळ खोडात सातेरी मधमाश्यांची वस्ती होती, आणि तिच्या दारावर दोन पहारेकरणी बसत. शत्रू आला की त्यांनी इशाऱ्याचा वास सोडायचा, आणि आतल्या सगळ्यांनी डंख उगारून बाहेर पडायचं. आता डंख मारलेली माशी काही परत येत नाही, मुलांनो, ती मरतेच. म्हणून तिथली रीत अशी, की एकीने चाहूल घ्यायची, दुसरीने जवळ जाऊन बघायचं, आणि दोघींचं एकमत होऊन मिशांना मिशा जुळल्या तरच इशारा. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही पुष्कळदा असंच चालतं बरं का! जनुकावर दोन वेगवेगळी प्रथिनं येऊन बसली, तरच लढाईच्या इशाऱ्याचं रसायन तयार होतं.

थोरली पहारेकरीण फार शिणली होती. पंखांच्या कडा झिजलेल्या, त्यात धाकटीचं सारखं चालू, "ताई, काहीतरी हललं!" थोरली उठायची, जाऊन बघायची, "पान आहे गं बाई," म्हणत परत यायची. एका दुपारी मात्र तिचा जीव मेटाकुटीला आला. "हे बघ, आता मला उठवू नकोस," ती म्हणाली. "तुझं तूच ठरव. माझ्याच्याने होत नाही."

"पड तू निवांत," धाकटी म्हणाली. मनातून ती खूशच झाली.

थोड्या वेळाने एक खार खोडावर चढली आणि धाकटीने वास सोडला. झालं! झुंडीच्या झुंडी बाहेर पडून खारीला डसल्या. प्रत्येक डंखातून तोच वास आणखी सुटला, त्यामागे आणखी माश्या धावल्या. थोरली धडपडत दारात आली. "अगं, थांबा! खार आहे ती, तिला आपला मध कशाला हवा?" पण ऐकायला भानावर होतं कोण? खार केव्हाच पळाली होती आणि झाडाखाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता.

संध्याकाळी अस्वल आलं. या वेळी धाकटीने चाहूल सांगितली, थोरलीने जाऊन पाहिलं, मिशा जुळल्या, वास सुटला. पण आतून मोजक्याच माश्या आल्या. अस्वलाने पिलांसकट पोळं ओरबाडून खाल्लं.

"ताई, माझंच चुकलं," धाकटी रडत म्हणाली.

"नाही गं. तुला दिसलं ते तू सांगितलंस," थोरली थकल्या आवाजात म्हणाली. "जाऊन बघायचं काम माझं होतं."

तात्पर्य : इशारा देणं ही जशी राखण, तशी नको तिथे तो अडवणं हीसुद्धा राखणच, शीण आला म्हणून ती सोडून चालत नाही.