शिळेवरची पाल

एका राज्यात दगडावर कोरलेला हुकूम खरा होत असे. स्तुती कितीही कोरली तरी खरी होत नसे, ती गोष्ट वेगळी. सिंहासनापुढे काळी मंत्रशिळा होती. तिच्यासमोर राजा चंडवर्मा जे बोलेल ते मांत्रिक बिंबोजीने तत्काळ कोरायचे, विचारायचे नाही, थांबायचे नाही, अशी रीत होती.

एके सकाळी राजा आपली बिरुदे कोरवून घेत होता. ‘शत्रूंचा काळ, वाघांचा वाघ’ एवढे झाले, आणि छतावरून एक पाल त्याच्या खांद्यावर पडली. राजा किंचाळून सिंहासनावर उभा राहिला. राणी केतकावती भरल्या दरबारात खळखळून हसली. राजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“राणीला पुन्हा हसू न येवो,” तो म्हणाला. राग उतरेपर्यंत बिंबोजीचे कोरून झाले होते.

राणीचे हसू गेले. त्यासरशी राज्यात दुधाला विरजण लागेना. त्याच साली राजकन्या जन्मली; पुढे ती वाढली, लग्न होऊन सासरी गेली. आईचे हसणे तिने कधी ऐकले नाही. राजाला फार वाईट वाटे. त्याने उलटा हुकूम देऊन पाहिला, पण शिळेवर ओरखडाही उठेना.

शेवटी एक साळुंकी खिडकीत येऊन बसली. “राजा, त्याच शिळेवर आपल्या हाताने खरे ते कोर. तीनदा छिन्नी धरता येईल.”

राजाने प्रथम कोरले, ‘राणीला क्षमा केली आहे.’ शिळेने अक्षरे गिळून टाकली.

दुसऱ्यांदा कोरले, ‘राजाला थोडा पस्तावा झाला आहे.’ हातोडी अंगठ्यावर बसली आणि अक्षरे झडून पडली.

“थोडा?” साळुंकीने विचारले.

राजा खाली बसला. या महालात इतकी वर्षे आपण एकटेच हसत आलो, आणि तेही उगाच, हे त्याला आठवले. हाताला फोड आले तरी त्याने तिसऱ्यांदा कोरले, ‘राजा पालीला भितो. राणी हसली ते बरोबर होते.’

जुना हुकूम तडकून खाली पडला, बिरुदेही पडली. राणीने नवी ओळ वाचली. तिचे ओठ हलले, आणि ती हसता हसता रडू लागली.

“हे तेव्हाच म्हणाला असतात तर, महाराज?”

“तेव्हा कोरणारे हात दुसऱ्याचे होते. माझे काम नुसते बोलण्याचे होते.”

घरोघरी विरजण लागले. राजकन्येला माहेरी बोलावणे गेले. महाद्वारात पालखी उतरली तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता.

“हे कोण हसते आहे?” तिने द्वारपालाला विचारले.

स्वागताला आलेल्या राजाने ते ऐकले. त्याने लेकीचा हात धरला आणि तिला आत नेले. ती शिळा अजून तिथेच आहे, आणि तिच्यावर तेवढी एकच ओळ आहे.