मच्छरदाणीचे दुसरे टोक

एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या तरुण शिष्यासह जंगलातल्या एका गावी राहायला गेले. मागच्या पावसाळ्यात हिवतापाने तिथली माणसे दगावली होती. शिष्य शहरात शिकलेला, जिद्दीचा आणि उतावळा. आठवडाभरात त्याने घरोघरी मच्छरदाण्या वाटल्या आणि नऊ डबक्यांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले.

पंधरा दिवसांनी पाहतो तर काय, गावातली सुकमाबाई आणि तिची गरोदर सून त्याच मच्छरदाणीने तेच मासे पकडत होत्या!

"अहो मावशी, हे काय?" तो ओरडला.

"बाबू, तू मासे सोडते, आमी पकडतो. त्यात रागवाचं काय?" म्हातारी हसली. "पन लईच बारके आनले रे!"

"सुनेला ताप आला तर ती आणि बाळ दोघंही जातील, कळतं का?"

म्हातारीचे हसू मावळले. "मागचं लेकरू तसंच गेलं. पन मासे तापाले काय करते, हे तू सांगितलं कवा?"

मागोमाग आलेल्या डॉक्टरांनी धोतर खोचले, चिखलात उतरून मच्छरदाणीचे दुसरे टोक धरले आणि विचारले, "बाई, आणखी कुठे कुठे पाणी साचतं गं?"

दुपारपर्यंत तिने एकतीस डबकी दाखवली. डॉक्टरांनी तिला वळवळत्या अळ्या दाखवल्या, त्या गिळणारे मासेही. मग म्हणाले, "मासेमारीचं जाळं मी बाजारातून आणतो. ही मच्छरदाणी सुनेच्या खाटेवर बांध. आणि डबकी आता तूच सांभाळ."

"सर, चुकणाऱ्यांच्याच हाती कारभार?" शिष्य चिडला.

"चुकलो आपण. तुला नऊ डबकी सापडली, तिला एकतीस ठाऊक होती. रोग आपण ओळखतो, इथलं पाणी ती ओळखते. आणि सून तिची आहे. तिच्याइतकी घाई तुलाही नाही."

सुकमाबाईने बायकांची फौजच उभी केली. कुठे डबके बुजवले, कुठे मासे सोडले. कुणाचे अंग तापले की त्याच दिवशी त्याला रक्त तपासायला ओढून आणले.

पावसाळा सरला. हिवतापाने एकही माणूस गेला नाही. सुनेला ठणठणीत मुलगी झाली, गावभर ढोल वाजले. तालुक्याचे साहेब आले. "हे कुणी केलं?" त्यांनी शिष्याला विचारले.

त्याने बायकांकडे बोट दाखवले. "यांना विचारा. मी यांच्या हाताखाली आहे."

गाव वाचवायला निघालेल्या प्रत्येकाने ही नोकरी एकदा करून पाहावी.