शाल्मलीच्या पावलाखालचा गूळ

एक होती मुंगी. नाव तिचं चिमटी. तिला सापडला गुळाचा खडा. केवढा? तिच्या डोक्याएवढा! घरी तिचं बाळ भुकेलं होतं. चिमटी खडा घेऊन निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

दमली बिचारी. खडा ठेवला सतरंजीवर. म्हणाली, "जरा दम खाते."

तिथेच शाल्मली झोपली होती. गूळपोळी खाऊन, मस्त पालथी. झोपेत तिने पाय पसरला. धप्प! पाऊल पडलं बरोब्बर गुळावर.

चिमटीने ओढलं. चिमटीने ढकललं. खडा काही हलेना. तिला रडूच आलं.

"पावला पावला, ऊठ ना!
गूळ सुटत नाही,
बाळ माझं भुकेलं!"

पाऊल म्हणालं, "मी नाही आपलं आपण उठत. मांडी ओढेल, तेव्हा मी उठेन."

चिमटी चढली मांडीवर. तुरु तुरु, तुरु तुरु.

"मांडी मांडी, ओढ ना!
पाऊल उठत नाही,
गूळ सुटत नाही,
बाळ माझं भुकेलं!"

मांडी म्हणाली, "मी नाही आपली आपण ओढत. कणा निरोप देईल, तेव्हा मी ओढेन."

चिमटी गेली पाठीवर. तिथे होता पाठीचा कणा. मणक्यामागे मणका, मणक्यामागे मणका. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कण्या कण्या, निरोप दे ना!
मांडी ओढत नाही,
पाऊल उठत नाही,
गूळ सुटत नाही,
बाळ माझं भुकेलं!"

कणा म्हणाला, "निरोपाची दोरी आहे माझ्या पोटात. पण मेंदू सांगेल, तेव्हा मी निरोप देईन."

चिमटी निघाली वर. तेवढ्यात आतून आवाज आला. धकधक, धकधक!

"अगंबाई, कोण आहे?"

"मी हृदय. शाल्मली झोपली तरी मी जागंच. मला नाही बाई सुट्टी."

"मग तूच उठव ना पाऊल!"

"माझं काम रक्त पळवायचं. पाऊल उठवायचं मेंदूने. जा वर. रडू नको हं."

चिमटीने डोळे पुसले. चढली डोक्यावर. केसच केस! आत मेंदू घोरत होता. चिमटी ओरडली,

"मेंदू मेंदू, सांग ना!
कणा निरोप देत नाही,
मांडी ओढत नाही,
पाऊल उठत नाही,
गूळ सुटत नाही,
बाळ माझं भुकेलं!"

मेंदू म्हणाला, "श्श! मला झोपू दे. नाक हाक मारेल, तेव्हा मी सांगेन."

चिमटी उतरली नाकावर. फूऽऽ वारा बाहेर. सूऽऽ वारा आत.

"नाका नाका, हाक मार ना!
मेंदू सांगत नाही,
कणा निरोप देत नाही,
मांडी ओढत नाही,
पाऊल उठत नाही,
गूळ सुटत नाही,
बाळ माझं भुकेलं!"

नाक म्हणालं, "गुदगुल्या होतील, तेव्हा मी हाक मारेन."

"गुदगुल्या कोण करणार?"

"ते मला गं काय विचारतेस?"

चिमटीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणीच नाही. मग तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. सहा पाय! भीती तर वाटत होती. पण बाळ भुकेलं होतं ना! शिरली की नाकात. गुदुगुदु, गुदुगुदु...

आऽऽ... आऽऽ... आऽऽक् छी!

नाकाने हाक मारली.
मेंदूने सांगितलं.
कण्याने निरोप दिला.
मांडीने ओढलं.
पाऊल उठलं.
गूळ सुटला!

आणि चिमटी? भुर्रकन उडाली, टप्पकन पडली, थेट गुळाशेजारी. हुश्श!

शाल्मलीची आत्या शेजारी शेंगा सोलत होती. शिंक ऐकून म्हणाली, "शतायुषी हो गं, बाई!"

शाल्मली तर कूस बदलून पुन्हा झोपली. चिमटीला वाटलं, आत्या आपल्यालाच म्हणाली. तिने मान डोलावली. "होईन हं, आत्या!"

गूळ उचलला आणि गेली घरी. बाळाने खाल्ला गूळ. चाटले पाय. सहाच्या सहा!

बाळाचं पोट भरलं, आईचा जीव भांड्यात पडला, आणि आपली गोष्ट गोड झाली.